मी इथलाच

क्योगेन हा जपानचा सहाएकशे वर्षांचा विनोदी नाट्यप्रकार. त्यातली बरीच पात्रं मंचावर आली की आधी एवढंच सांगतात, की मी इथलाच, याच भागात राहणारा. नाव बहुतेकदा नसतंच. आता क्योतोत राहून क्योगेन शिकणारा एखादा अमेरिकन किंवा चेक माणूस हे म्हणतो, तेव्हा ते खरं धरायचं का?

चटकन येणारं उत्तर म्हणजे 'छे, ते रक्तातच असावं लागतं'. मला ते पटत नाही. शिकवण्याची पद्धत बघा. गुरू एक ओळ म्हणतो, तुम्ही तशीच म्हणायची. टाच न उचलता पाय सरकवत चालायचं. का, ते विचारायचं नाही. (आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'का' न विचारता कोड चिकटवणाऱ्याला हसतात. इथे तोच चांगला विद्यार्थी.) या ठरलेल्या साच्याला 'काता' म्हणतात. आणि कातापुढे क्योतोत जन्मलेलं पोरही परकंच असतं. ती चाल घरी कोणी चालत नाही, ती जुनी भाषा रस्त्यावर कोणी बोलत नाही.

काबुकीत तर हे आणखी उघड दिसतं. बाहेरच्या मुलांसाठी तिथे 1970 पासून राष्ट्रीय नाट्यगृहाचं प्रशिक्षण आहे, पण मोठ्या भूमिका मुख्यतः घराण्यांकडेच जातात. म्हणजे पासपोर्ट जपानी असूनही माणूस उंबऱ्याबाहेरच.

मग घराण्यातला तरी पूर्ण 'इथला' का? क्योगेनच्या घरातलं मूल साधारण तीन-चार वर्षांचं असताना 'उत्सुबोझारू' या नाटकात माकड बनून पहिल्यांदा मंचावर येतं. त्याला कोणी विचारलेलं नसतं. परदेशी माणूस मात्र स्वतः निवडून येतो, आणि कंटाळला तर तिकीट काढून परत जाऊ शकतो. मला खरा फरक इथे दिसतो. एकाला नाही म्हणायची सोय नव्हती, दुसऱ्याला ती कायम आहे. सुट्टीत तीन आठवडे शिकून किमोनोतला फोटो टाकणाऱ्यावर माझा राग नाही. फक्त त्याचं 'मी इथलाच' अजून उसनं आहे.

काहींनी परतीची सोय स्वतःच मोडली. हेन्री ब्लॅक 1858 मध्ये ऑस्ट्रेलियात अॅडलेडला जन्मला, लहानपणीच जपानला आला. पुढे उशीवर बसून एकट्याने गोष्ट रंगवण्याची कला, राकुगो, हाच त्याचा व्यवसाय झाला. युरोपातल्या गुन्हेकथा तो जपानीत सांगायचा. जपानी कुटुंबात दत्तक गेला, तिथला नागरिक झाला, 1923 मध्ये तिथेच वारला. गोरा माणूस जपानी बोलतो, हे नवल बघायलाही लोक येत असणारच. दत्तकपत्राने ते नवल थोडंच पुसलं जातं?

रिचर्ड एमर्ट हे अमेरिकन गृहस्थ 1973 पासून तोक्योत नो नाट्य शिकले, शिकवू लागले, आणि 2000 मध्ये त्यांनी इंग्रजीतून नो करणारी मंडळी उभी केली. कुणी म्हणेल, कला पळवली. मला उलट वाटतं. घराण्यातल्यावर जे ओझं जन्माने येतं, पुढच्याला शिकवायचं, ते त्यांनी मागून घेतलं.

माकड झालेल्या त्या मुलाला मात्र विचारावंसं वाटतं, तुला हे हवं होतं का? पण उत्तर देण्याएवढा तो मोठा होईपर्यंत ती सरकती चाल त्याच्या पायांत बसलेली असते.