जुनं मंदिर, नवं लाकूड

आजचे चिंतन : गीता, अध्याय २, श्लोक २२

जीर्ण कपडे टाकून नवे घालावेत, तसा आत्मा देह बदलतो, हा श्लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. जपानमधलं इसे जिंगू पाहून आल्यापासून तो वाचताना मला तिथलं लाकूड आठवतं.

इसेला सूर्यदेवी अमातेरासूचं मंदिर आहे. शिंतो परंपरेतलं हे सर्वांत पवित्र स्थान. इसुझु नदीवरचा लाकडी पूल ओलांडून उंच झाडांमधून चालत जायचं. गाभारा दिसत नाहीच. कुंपणाबाहेर दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं आणि परत फिरायचं. शेजारी तेवढीच एक मोकळी जागा राखलेली असते. दर २० वर्षांनी तिथे हुबेहूब नवं मंदिर बांधतात, देवीला तिकडे नेतात आणि जुनं उतरवतात. ६९० साली हे सुरू झालं. ६२वी वेळ २०१३ साली झाली, पुढची २०३३ साली.

मग हे मंदिर तेराशे वर्षांचं म्हणायचं, की २०१३ सालचं?

मला वाटतं, जुनं आहे ते बांधायचं ज्ञान. २० वर्षांत शिकाऊ सुतार उस्ताद होतो आणि पुढच्याला हाताशी धरून शिकवतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये उलटं घडतं. कोड सर्व्हरवर शाबूत असतो, पण लिहिणारे निघून गेले की त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

पण श्लोकातली उपमा इथे एका ठिकाणी थांबते. आत्म्याला कुणी सांभाळावं लागत नाही, परंपरेला लागतं. १५व्या-१६व्या शतकातल्या लढायांच्या धामधुमीत हे बांधकाम १२० हून जास्त वर्षं बंद पडलं होतं. ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून वर्गणी गोळा करणाऱ्यांत बौद्ध भिक्षुणी होत्या! आणि १९२३ साली मंदिराच्या जंगलात हिनोकीची झाडं वाढवण्याचा आराखडा आखला गेला, तो २०० वर्षांचा. ती रोपं लावणाऱ्या कुणालाच त्यांचे खांब झालेले दिसणार नव्हते. याच अध्यायातला ४७वा श्लोक वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणून प्रश्न आपल्यालाच आहे. घरातली पोथी आपण रेशमी कापडात जपून ठेवतो. ती वाचता येणारं माणूस मागे ठेवतोय का? आज वाचनाला बसताना घरातल्या एका लहानग्याला शेजारी बसवू या. चुकत वाचलं तरी चालेल.

जय हरि.