वीज नाही, हे कशावरून?

घराबाहेरच्या भिंतीवरील जुना दिवा उतरवून नव्या दिव्याला फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारा जोडण्यापूर्वी वायरमनला एका नकारात्मक विधानाची खात्री करून घ्यावी लागते, ते म्हणजे या तारेत आता वीज नाही. जे नाही त्याचे ज्ञान कशाने होते, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त अभाव जाणण्यासाठी प्रत्यक्ष, अनुमान इत्यादी पाच प्रमाणांहून, म्हणजे ज्ञानसाधनांहून, वेगळे असे सहावे प्रमाण मानले, ज्याला अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, म्हटले जाते, न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, म्हणजे नैयायिकांच्या, मते जमिनीवर घडा नसणे हे डोळ्यांनाच कळते आणि त्यासाठी निराळे प्रमाण लागत नाही, तर प्रभाकरांचे अनुयायी अभाव नावाचा स्वतंत्र पदार्थच मानत नाहीत. तथापि भाट्ट, म्हणजे कुमारिलांचे अनुयायी, आणि नैयायिक या दोघांनाही एक अट मान्य आहे: न आढळण्याला ‘योग्यता’ हवी, म्हणजे वस्तू तिथे असती तर ती आढळलीच असती अशी परिस्थिती हवी, कारण अंधारात घडा न दिसण्यावरून घडा नसल्याचे सिद्ध होत नाही.

बटण बंद केले, दिवा विझला, म्हणून तारेत वीज नाही, हे अनुमान ज्याला न्यायशास्त्र ‘सव्यभिचार’ हेतू म्हणते, म्हणजे जे सिद्ध करायचे ते नसतानाही आढळणारे कारण, त्यावर उभे आहे. बटण फेजऐवजी चुकून न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर दिवा विझतो, परंतु होल्डरपर्यंत २३० व्होल्ट दाब तसाच पोहोचलेला राहतो. शिवाय त्या दिव्याची जोडणी इन्व्हर्टरवर असेल, तर मुख्य स्विच पाडूनही वीज येतच राहते. म्हणून टेस्टर लावला जातो, पण योग्यतेचा प्रश्न तिथेही सुटत नाही. टेस्टरमधील निऑनचा दिवा मोठ्या रोधातून आणि धरणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर उजळतो; कोरड्या लाकडी शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो क्षीण होतो आणि अंगणातल्या भर उन्हात त्याची लाली दिसेनाशी होते. शास्त्रकारांच्या उदाहरणात प्रकाशाचा अभाव आड येतो, इथे प्रकाशच आड येतो.

या अडचणीवर जाणत्या वायरमनचा उपाय असा की टेस्टर आधी चालू असल्याचे माहीत असलेल्या सॉकेटमध्ये लावून पाहायचा, मग संशयित तारेला लावायचा आणि शेवटी पुन्हा त्याच सॉकेटमध्ये. या तिसऱ्या पायरीला सैद्धांतिक वजन आहे. कुमारिल आणि प्रभाकर ज्या परंपरेतले त्या मीमांसकांच्या ‘स्वतःप्रामाण्य’ मतानुसार ज्ञान बाधित होईपर्यंत खरेच मानायचे असते. नैयायिकांच्या ‘परतःप्रामाण्य’ मतानुसार त्याचा खरेपणा बाहेरून, बहुधा त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या यशावरून ठरतो. पाणी दिसले, पुढे जाऊन तहान भागली, म्हणजे ते ज्ञान खरे होते, हे ठीकच. पण तार निर्जीव आहे हे तिला हात लावून पडताळण्याची मुभा कोणी देणार नाही, आणि बाध होईपर्यंत विश्वास ठेवा हा सल्ला तर त्याहून घातक आहे. म्हणजे या प्रसंगी नैयायिकांचा बाह्य पडताळा हवा, पण तो कृतीच्या फळातून न मिळता कृतीपूर्वी, साधनाच्या परीक्षेतून मिळायला हवा. आणि हीच सुधारणा वायरमनने कोणतेही दर्शन न वाचता केलेली दिसते.

तरीही हा अभाव त्या क्षणापुरताच असतो. घडा उचलून नेला की जमिनीवर त्याचा अभाव असतो आणि परत आणून ठेवला की नाहीसा होतो, अशा अभावाला काही नैयायिक ‘सामयिक’ म्हणतात. तारेतील विजेचा अभाव याच जातीचा आहे, कारण आतल्या खोलीतील कोणीही, बाहेर शिडीवर माणूस आहे हे ठाऊक नसताना, बोर्डावरचा स्विच वर करू शकतो. त्यामुळे चिनी मातीचा फ्यूज असलेल्या जुन्या बोर्डावर काम करताना फ्यूज काढून खिशात ठेवण्याची पद्धत कोणत्याही टेस्टरहून अधिक भरवशाची ठरते: तिथे अभाव केवळ ओळखला जात नाही, तर काम संपेपर्यंत राखला जातो.