पॅचौलीचा गंध आणि गुणाचा आश्रय

पॅचौलीचे ऊबदार अत्तर मनगटावर लावले की आधी बर्गमॉटच्या सालीचा आंबूस तजेला येतो. मागोमाग कापरासारखा थंडावा आणि ओल्या मातीचा काहीसा कोंदट वास. तासा-दोन तासांनी हा कोंदटपणा ओसरतो आणि लाकूड, लोबान, व्हॅनिला यांची गोडसर ऊब उरते. कपड्यावर ती दुसऱ्या दिवशीही टिकते. ही शेवटची ऊब पहिल्या क्षणी त्या थेंबात होती की नव्हती, हा प्रश्न सुगंधशास्त्राइतकाच भारतीय दर्शनांचाही आहे.

वैशेषिक दर्शनाच्या मते गंध हा केवळ पृथ्वीचा विशेष गुण. पाण्याला वा वाऱ्याला वास येतो तो त्यांत मिसळलेल्या पार्थिव कणांचा. गुण द्रव्य सोडून राहू शकत नाही, म्हणून वास नाकापर्यंत पोचतो तो कणांवर बसूनच. यावर आक्षेप असा, की मग कस्तुरी झिजताना का दिसत नाही? ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात वासाचाच दृष्टांत जीवाच्या चर्चेत येतो. जीव अणू असला तरी फुलाचा वास जसा फुलापलीकडे जातो, तसे त्याचे चैतन्य देहभर पसरते, असा तो पक्ष. शंकराचार्य तो पक्षच नाकारतात: गंध हा गुण असेल तर तो आश्रयासकटच हलेल, नाहीतर त्याचे गुणपणच जाईल. रामानुजाचार्य मात्र जीवाला अणूच मानतात आणि ज्ञान त्याच्यापलीकडे पसरते असे म्हणतात.

अत्तराच्या बाबतीत तरी शंकराचार्यांचे म्हणणे खरे ठरते. बर्गमॉटमधले लिमोनीन हलके, त्याचा रेणुभार सुमारे 136. ते लवकर उडते. पॅचौली तेलाचा मुख्य घटक पॅचौलॉल, रेणुभार सुमारे 222. तो सावकाश सुटतो. म्हणजे त्वचेवर वास ‘बदलतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा बव्हंशी एकेक द्रव्य निघून जात असते आणि मागचे उघडे पडत असते. ऊब पहिल्यापासून होतीच. तजेल्याखाली ती दबलेली होती. सांख्यांच्या सत्कार्यवादाला, म्हणजे कार्य कारणात आधीच असते या मताला, हे उदाहरण फार सोयीचे आहे.

अत्तराआधीच्या पानाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. पॅचौली ही आपल्याकडच्या पाचेची सख्खी बहीण. आज तिची मोठी लागवड इंडोनेशियात होते. ताजे पान तेल सहजी देत नाही. ते वाळवतात, थोडे मुरू देतात. पेशींच्या भिंती फुटल्या की वाफेने तेल निघते. अशा दडलेल्या वासासाठी न्यायमताकडे ‘अनुत्कट’, म्हणजे असूनही न जाणवणाऱ्या गंधाची कल्पना आहे. ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’त दगडाचे उदाहरण येते: दगडाला वास जाणवत नाही, पण त्याच्या भस्माला येतो, म्हणून तो दगडातही मानावा लागतो. सत्कार्यवाद न स्वीकारणाऱ्या नैयायिकांनी गंधापुरती त्याच्या इतक्या जवळची सोय करून ठेवावी, ही गंमतच.

खरी अडचण तेल जुने होताना येते. वर्षानुवर्षे ठेवलेल्या पॅचौली तेलाचा कडवट धारदारपणा जातो आणि ते मऊ, गोल होते. हलके घटक उडाल्याने हे थोडेफार घडते. पण हवेच्या संपर्काने काही रेणूच पालटतात. याला आधीच असलेल्या गुणाचा नुसता आविष्कार म्हणता येत नाही. जुना गुण जाऊन नवा येण्याला वैशेषिक ‘पाक’ म्हणतात, आणि तो तेजाच्या, म्हणजे उष्णतेच्या संयोगाने होतो असे मानतात. पाक परमाणूंत होतो, असे वैशेषिकांचे मत. अखंड वस्तूतच होतो, असे नैयायिकांचे. बाटलीतल्या तेलापुरते पाहिले तर वैशेषिक अधिक जवळ पोचतात: बदल सूक्ष्म कणांच्या पातळीवर असतो आणि बाहेरून द्रव जसाच्या तसा दिसतो. मात्र त्यांचा परमाणू म्हणजे रसायनशास्त्राचा रेणू नव्हे. शिवाय इथे मुख्य काम उष्णतेऐवजी हवेतला ऑक्सिजन करतो, आणि त्याला त्यांच्या पाकविचारात जागा नाही.