दारावरचा वासुदेव

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. रात्री कीर्तनात नाथांचे वासुदेवाचे भारूड घ्यायचे होते, म्हणून पहाटे 'संगीतरत्नाकर' काढून बसलो होतो. इतक्यात दारात चिपळ्या वाजल्या. डोक्यावर मोरपिसांची टोपी, पायघोळ अंगरखा, मुखी हरिनाम. मी आतूनच ओरडलो, "पुढं जा बाबा, वाचनात आहे." तो बिचारा गेला.

आणि वाचीत काय होतो? जे त्या त्या प्रदेशातल्या लोकांचे हृदय रंजविते ते 'देशी' संगीत, ही शार्ङ्गदेवाची व्याख्या! व्याख्या हातात धरून मूर्ती दारातून हाकलली की हो!

शार्ङ्गदेवाने हा ग्रंथ १३ व्या शतकात देवगिरीस यादवांच्या आश्रयाने लिहिला. पुढे त्याच देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पायांशी नाथ शिकले. भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिणारा हा अधिकारी पुरुष. त्याने वासुदेव, जोशी, गोंधळी यांचे बोल का उचलले? अज्ञ जनांना कळावे म्हणून, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. आता ते उत्तर मला पुरे वाटत नाही. जे शिकवायचे, ते रस्त्यावर आधीच गायले जात होते, नि नाथांनी ते ऐकले, असे वाटते.

पाहा ना, वासुदेवाला पसाभर जोंधळे घातले की तो "दान पावलं" म्हणतो. कोणाला पावलं? पंढरीच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला, आळंदीच्या ज्ञानोबाला, देहूच्या तुकोबाला. सगळी क्षेत्रे तो उंबऱ्याशी आणून उभी करतो आणि स्वतःचे नाव तेवढे घेत नाही. यज्ञात आहुती देताना यजमान 'न मम' म्हणतो, म्हणजे देणारा म्हणतो. इथे घेणाराच 'न मम' म्हणतो आहे! ही गोष्ट मला पाठशाळेत कोणी सांगितली नव्हती.

त्या रात्री मी वासुदेवाचे सोंग छान वठविले. लोक डोलले, हसले. कीर्तनाचे मोल घेऊ नये म्हणतात, तरी नारळाखाली पाकीट होतेच. मी ते मुकाट्याने उपरण्यात बांधले. कोणाला पावलं, ते काही बोललो नाही.

दुसऱ्या पहाटेपासून दार उघडे ठेवून बसतो. सौभाग्यवतींनी सुपात जोंधळे काढून ठेवले आहेत. एकदा दोन आळ्या पलीकडे चिपळ्या ऐकू आल्या, सूप घेऊन धावलोही, पण गाठ पडली नाही.