देवाचे शेत



येत्या २ नोव्हेंबरला आपण सर्व मृत भाविकांचा स्मृतिदिन पाळणार आहोत. त्याआधीचे हे दिवस दफनभूमीच्या साफसफाईचे. पावसाळाभर वाढलेले गवत कापले जाते, क्रूस रंगवले जातात, कबरींची डागडुजी होते. आपल्या माणसांवरील प्रेमापोटी आपण हे करतो आणि ते योग्यच आहे. परंतु दफनभूमी ‘स्वच्छ’ ठेवणे म्हणजे नेमके काय, याचा विचार आज शुभवर्तमानाच्या प्रकाशात करू या.

संत योहान एक लहानशी गोष्ट आवर्जून सांगतो. प्रभूला जेथे क्रूसावर दिले त्या जागी बाग होती आणि प्रभूची कबर त्या बागेतच होती (योहान १९). पुढच्या अध्यायात मरिया माग्दालेना पहाटेच्या अंधारात कबरीपाशी येते. पुनरुत्थित प्रभू तिच्यासमोर उभा राहतो, तेव्हा तिला तो माळी वाटतो. तिची ओळख चुकली खरी, पण त्या चुकीतही एक सत्य दडलेले आहे. देवाने पहिल्या आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी (उत्पत्ती २). आदामाने ती बाग गमावली. नवा आदाम, आपला प्रभू, मरणावर जय मिळवून पुन्हा बागेतच उभा आहे!

म्हणूनच ख्रिस्ती माणसाची दफनभूमी ही केवळ मरणाची जागा नव्हे. जर्मन भाषेत तिच्यासाठी ‘देवाचे शेत’ अशा अर्थाचा जुना शब्द आहे. संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना मृत देहाची तुलना पेरलेल्या बीशी केली आहे. आपण आपल्या आई-वडिलांना मातीआड करतो तेव्हा एका अर्थी पेरणीच करतो. मग ज्या शेतात ही पेरणी होते, ते शेत जिवंत असायला नको का?

आपल्या वसईत इमारती वाढल्या, वाड्या आणि शेते आक्रसली. अशा वेळी चर्चचे आवार आणि दफनभूमी हे गावातले थोडेसे मोकळे, न नांगरलेले, न खणलेले तुकडे उरले आहेत. कबरी सोडल्या तर तेथली माती वर्षानुवर्षे तशीच आहे. पावसाळा सरताना तेथे टाकळा आणि रुई दिसते. आपण त्यांना रान म्हणतो. पण टाकळ्याच्या पानांवर लहान पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि रुईच्या पानांवर नारिंगी, काळ्या काठाच्या फुलपाखरांच्या. जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळा राहतो. पडक्या भिंतीत मुंगूस शिरते. गव्हाणी घुबड चर्चच्या मनोऱ्यातही घर करते आणि रात्रभर उंदीर टिपते. घुबड ओरडले की घरातले कोणी जाणार, असे अजूनही काहींना वाटते. ज्यांचा पुनरुत्थानावर विश्वास आहे, त्यांनी देवाच्या एका पाखराला का घाबरावे? एक चिमणीही पित्याच्या नजरेआड नाही, असे प्रभूनेच आपल्याला शिकवले.

जगभर अनेक ठिकाणी भाविकांनी हे ओळखले आहे. इथियोपियाच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात शेती आणि गुरचराईमुळे मूळचे जंगल जवळजवळ नष्ट झाले. उरली ती प्रामुख्याने ऑर्थोडॉक्स चर्चभोवतीची झाडी, कारण चर्चला झाडांचे वस्त्र हवे अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे. त्या झाडीतच ते आपल्या मृतांना पुरतात. आलेमायेहू वासी या त्यांच्याच देशातील अभ्यासकाच्या प्रेरणेने धर्मगुरू आणि गावकऱ्यांनी शेतातले दगड वेचून कितीतरी ठिकाणी झाडीभोवती गडगे घातले आणि गुरांपासून रोपे राखली.

इंग्लंडमधील जुन्या चर्चच्या आवारांत शेकडो वर्षांचे यू वृक्ष उभे आहेत. आपण मसाल्यात दगडफूल घालतो, त्याच्याच भाऊबंदांच्या ब्रिटनमध्ये सुमारे २,००० जाती आहेत आणि त्यांतील ७०० हून अधिक चर्चच्या आवारांत सापडल्या आहेत. जुन्या कबरींच्या दगडावर ती इतकी सावकाश वाढतात की, एकदा घासून काढली तर पुन्हा यायला कित्येक दशके लागतात. म्हणून तेथे आता अनेक धर्मग्रामांत दगड खरवडत नाहीत आणि फुले येऊन बी पडल्यावरच गवत कापतात.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात आपल्याला बजावले की, माणसामुळे एखादी जीवजात नाहीशी झाली तर देवाची स्तुती करणारा एक आवाज कायमचा बंद होतो. तो आवाज आपल्याच वाडवडिलांच्या कबरीशेजारी बंद व्हावा का?

आज दफनभूमीत सर्वत्र लादी आणि पेव्हर ब्लॉक बसवावेत, तण कायमचे जावे म्हणून औषध फवारावे, पानगळीचा त्रास नको म्हणून जुने झाड काढावे, असे विचार पुढे येतात. त्यामागची अडचणही खरी आहे. वृद्ध माणसे चिखलात घसरतात, गवतात साप दिसतो. त्यासाठी वाटा स्वच्छ आणि सपाट ठेवू या, कबरीभोवतीचे गवत कापू या. परंतु सगळी जमीन सिमेंटखाली गेली तर पाणी मुरणार कोठे? जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली होती, ते आपण पाहिले आहे. आणि तणावर मारलेले विष शेवटी मातीत आणि आपल्याच विहिरींत उतरते.

यंदा आपण एवढे तरी करू या. कुंपणालगतचा एक पट्टा बी पडेपर्यंत न कापता राखू या. तणनाशक वापरू नये. प्लास्टिकची फुले आणि वेष्टनातले गुच्छ टाळून आपल्या वाडीतली फुले सुती दोऱ्यात ओवून नेऊ या. मेणबत्त्या झाडाच्या बुंध्याशी न लावता मातीच्या पणतीत लावू या. आपल्या धर्मप्रांतातील काही धर्मग्रामांत अलीकडे शवपेटीऐवजी कापडात गुंडाळून दफन करण्याची प्रथा सुरू झाली आहे. शवपेटीचे लाकूड वाचते आणि देह लवकर मातीला मिळतो. ज्यांची तयारी असेल त्या कुटुंबांनी याचाही प्रार्थनापूर्वक विचार करावा.

स्मृतिदिनी आपण कबरीपाशी डोके लववू, तेव्हा क्षणभर आजूबाजूला पाहू या. फुलावर बसलेले फुलपाखरू, फांदीवरचा पक्षी, मातीतले गांडूळ, ही सारी आपल्या प्रिय मृतांची सोबत आहेत.

हे प्रभू, तू बागेत विसावलास आणि बागेतच उठलास. आमच्या मृत बंधू-भगिनींना चिरशांती दे. ज्या मातीत ते पहुडले आहेत, तिची राखण करणारे प्रामाणिक माळी आम्हाला कर. आमेन.