रक्ताचा हिशेब

वरंध घाटाच्या पायथ्याशी, शिवथरच्या घळीत समर्थ रामदासांनी कल्याणस्वामींकडून दासबोध लिहवून घेतला. परंपरा तो काळ १६५४च्या सुमाराचा मानते. प्रचीतीवाचून बोलू नये असं बजावणाऱ्या या ग्रंथात शरीरातल्या पाच वायूंची ठिकाणं सांगितली आहेत. पैकी व्यान सर्वांगात. त्याच सुमाराला युरोपातले वैद्य कुत्री-मांजरं फाडून अंगभर नेमकं काय फिरतं, ते पाहत होते.

व्यानाची कल्पना फार जुनी. अन्नाचा रस हृदयातून व्यानाच्या जोरावर अंगभर जातो आणि यकृत-प्लीहेत रंग चढून त्याचं रक्त होतं, असं आयुर्वेद मानतो. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनचंही मत होतं की रक्त यकृतात बनतं आणि अवयव ते वापरून टाकतात. भेलसंहितेत मात्र रस शिरांवाटे हृदयाकडे परततो असा उल्लेख आहे. त्यावरून ‘रक्ताभिसरण हार्वेच्या आधीच आमच्याकडे’ म्हणणारे भेटतात. मला हा दावा अर्धाच पटतो. रक्त परततं असं सुचणं वेगळं, परतल्यावाचून गत्यंतर नाही हे दाखवणं वेगळं.

इंग्रज वैद्य विल्यम हार्वेनं १६२८मध्ये ते दाखवलं साध्या गुणाकारानं. आजच्या आकड्यांत सांगायचं तर हृदयाच्या ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळजवळ पाच लिटर. अंगातलं सगळं रक्तच साधारण तेवढं! दर मिनिटाला एवढं नवं रक्त यकृत कुठल्या अन्नातून बनवणार? तेव्हा फिरतं ते तेच. रोहिणीतून ते नीलेत कसं शिरतं हे हार्वेला दिसलं नाही. केशवाहिन्या माल्पिगीनं बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या १६६१ साली, हार्वे गेल्यावर चार वर्षांनी.

पण हिशेबात एक खातं राहिलं होतं. आसेल्लीला १६२२मध्ये नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्यालगत पांढऱ्या वाहिन्या दिसल्या होत्या. त्यांतला रस यकृताकडे न जाता छातीतल्या नळीतून वर चढून मानेच्या बुडाशी शिरेत पडतो, हे पेकेनं १६५१मध्ये सांगितलं. पाठोपाठ रुडबेक आणि बार्थोलिन यांनी शरीरात इतरत्र पसरलेल्या लसीकावाहिन्या दाखवल्या. बार्थोलिननं तर पदच्युत यकृताचा मृत्युलेखच लिहिला. हार्वेनं मात्र १६५२च्या एका पत्रात पेकेचं म्हणणं नाकारलं. गॅलनला हलवणारा माणूस स्वतः हलला नाही, हे मला या सगळ्यातलं सर्वांत माणसासारखं वाटतं.

पावसाळ्यात शिवथरला गेलेल्याचं लक्ष धबधबा ओढून घेतो, खडकाचा पाझर कोण पाहतो? रक्तातूनही असंच पाणी आणि थोडी प्रथिनं सतत झिरपतात. ते पाणी गोळा करून, वाटेतल्या गाठींत जंतूंची झडती घेऊन रक्तात परत पोचवणं हे लसीकेचं काम. त्यासाठी हृदयासारखा वेगळा पंप नाही. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, चालताना दबणारे स्नायू, श्वास आणि उलट वाट अडवणाऱ्या झडपा, एवढ्यावर भागतं. वाट तुंबली की काय होतं ते गडचिरोली-चंद्रपुरात हत्तीपायाच्या रुग्णांना पुसावं. डासांवाटे आलेले कृमी याच वाहिन्यांत ठाण मांडतात.

मेंदूला लसीकावाहिन्या नाहीत, असं पाठ्यपुस्तकं अगदी परवापर्यंत शिकवत होती. २०१५मध्ये उंदरांच्या मेंदूच्या आवरणात त्या सापडल्या. इटलीच्या मास्कान्यीनं तशा वाहिन्यांची नोंद १७८७ सालीच केली होती. तिच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नव्हता.