काळी काच

अण्णांची अख्खी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. वारणाकाठचा कारखाना. दसऱ्याच्या आसपास बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं आणि त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ती आग सांभाळायची. जळण म्हणजे उसाचं बगॅस, त्यात निम्मं वजन पाण्याचंच. असला ओला माल पेटता ठेवायचा आणि वाफेचा दाब खाली येऊ द्यायचा नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. शिफ्टवर आले की अण्णा आधी बॉयलरच्या पाण्याच्या काचेपाशी जायचे, चहा त्यानंतर. निवृत्त झाल्यावर एका हिवाळ्यात ते मुलीकडे अमेरिकेला गेले आणि तिच्या बैठकीच्या खोलीत त्यांना पुन्हा एक भट्टी भेटली.

मुलगी, जावई आणि छोटी नात न्यू हॅम्पशायरमध्ये, नॅशुआच्या बाहेर एका जुन्या लाकडी घरात राहत होते. तिकडे जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो आणि घर गरम ठेवायला तेल जाळलं तर बिल बघून घाम फुटतो. म्हणून बऱ्याच घरांत पेलेट स्टोव्ह असतो. लाकडाचा भुसा वाळवून, प्रचंड दाबाखाली त्याच्या ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या पाडतात. त्यात डिंक नाही की गोंद नाही. लाकडातलंच लिग्निन उष्णतेनं मऊ होतं आणि कांडी धरून ठेवतं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर या जळणाकडे अमेरिकेचं लक्ष गेलं आणि १९८० च्या दशकात जेरी व्हिटफील्ड नावाच्या विमान अभियंत्यानं ते जाळणारा घरगुती स्टोव्ह घडवला. भुशाचं सोनं झालेलं बघून अण्णांना फार बरं वाटलं. गॅरेजमध्ये अठरा-अठरा किलोच्या पिशव्यांची थप्पी होती, तिच्यावरून त्यांनी हात फिरवला. एक कांडी मोडून बघितली. टचकन मोडली. “माल कोरडा आहे,” ते म्हणाले.

जावयानं हौसेनं सगळं दाखवलं. वरच्या हॉपरमध्ये पिशवी ओतायची. आतला स्क्रू फिरत फिरत थोड्या थोड्या कांड्या खालच्या भोकाभोकांच्या लोखंडी भांड्यात टाकतो. विजेची कांडी त्या पेटवते. एक पंखा धूर मागच्या नळीतून बाहेर ओढतो, दुसरा गरम हवा खोलीत सोडतो.

“बटण दाबायचं, अण्णा. बाकी सगळं तोच बघतो.”

“धुराची नळी भिंतीतून सरळ बाहेर काढलीय. वर नाही नेली?”

“पंखा आहे ना ढकलायला.”

“आणि लाईट गेली तर?”

“इथं लाईट नाही जात, अण्णा,” जावई हसला.

जाते. २००८ च्या डिसेंबरात याच भागात बर्फाचं वादळ झालं होतं. झाडांवर, तारांवर बर्फाचे थर चढून खांब मोडले. लाखो घरं अंधारात गेली, काहींची वीज यायला दोन आठवडे लागले. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना ते चांगलं आठवत होतं. पण हे घर जावयानं त्यानंतर घेतलेलं. आपण न पाहिलेलं संकट माणसाला दुसऱ्याचं वाटतं.

पंधरा दिवसांत अण्णांच्या लक्षात यायचं ते आलं. स्टोव्हच्या दाराची काच रोज काळी होत होती. चांगल्या जळणाची राख काचेवर फिकट, भुरकट बसते, फडक्यानं निघते. ही काजळी होती, चिकट. आतली ज्योत आखूड, पिवळीधमक, फडफडणारी असायला हवी. ती लांबलचक, नारिंगी आणि आळशी झाली होती, टोकाला धूर सोडत होती. म्हणजे आगीला वारा कमी पडतोय. कारखान्यात भट्टीच्या डोळ्यातून अशी ज्योत दिसली असती तर अण्णांनी तिथल्या तिथे ओरडून फॅनकडे माणूस पिटाळला असता.

इथे ते एकदाच म्हणाले, “जावईबापू, काच फार लवकर काळी होते वो.”

“लाकूड म्हटल्यावर होणारच, अण्णा. शनिवारी पुसतो मी.”

अण्णा गप्प बसले. जावयाचं घर. माणूस गुणी, मुलीला सुखात ठेवलेलं, स्वतः इंजिनिअर. त्याच्या घरात चार दिवसांच्या पाहुण्यानं बोट दाखवत फिरायचं, हे त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आपल्याकडे सासरे मंडळी जावयापुढे जी जीभ आवरतात तिला आपण मान म्हणतो. तो मान खराच असतो. पण त्याच्या आड कितीदा नुसता संकोच लपलेला असतो, हेही खरं आहे.

मग त्यांनी न बोलता जमेल ते करायला सुरुवात केली. जावई राख प्लॅस्टिकच्या सुपलीत काढून कागदी पिशवीत भरायचा आणि पिशवी गॅरेजमध्ये, पेलेटच्या थप्पीला टेकवून ठेवायचा. सगळे झोपले की अण्णा स्वेटर-टोपी चढवून ती पिशवी उचलायचे आणि बाहेर अंगणात, सिमेंटच्या फरशीवर पालथ्या घातलेल्या पत्र्याच्या डब्याखाली ठेवून यायचे. वरून थंडगार दिसणाऱ्या राखेच्या पोटात दोन-दोन, तीन-तीन दिवस निखारा जगतो, हे बॉयलरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. जावयाला वाटायचं, बायकोनं पिशवी हलवली. बायकोला वाटायचं, नवऱ्यानं. घरातल्या एका धोक्यावर अण्णांनी अशी रोज गुपचूप चादर घातली आणि त्यामुळे तो धोका आहे हे घरात कुणाला कळलंच नाही.

फेब्रुवारीत ओल्या, जड बर्फाचं वादळ आलं. रात्री अडीचच्या सुमाराला अण्णांना जाग आली, ती आवाजानं नव्हे, आवाज बंद झाल्यानं. पंखे थांबले होते. बॉयलरवर झोपेतसुद्धा कान फॅनकडे ठेवलेला माणूस शांततेला दचकतो.

ते बाहेर आले. घरभर अंधार. स्टोव्हच्या भांड्यात मात्र ढीगभर कांड्या धुमसत होत्या. रोजच्या कमी वाऱ्यामुळे त्या आधीच अर्धवट जळून साचलेल्या, आणि आता धूर बाहेर ओढणारा पंखाही बंद. नळी आडवी, त्यामुळे धुराला आपसूक वर चढायला वाटच नाही. दाराच्या कडेनं आणि नळीच्या सांध्यातून धुराची पातळ रेघ खोलीत येत होती. अण्णांचा हात दाराच्या मुठीकडे गेला आणि तसाच मागे आला. दार उघडलं असतं तर होता नव्हता तो सगळा धूर घरात आला असता, आणि कोंडलेल्या आगीला एकदम वारा मिळाला असता.

“अरे ऊठ! पोरीला घे आणि बाहेर चल!” त्या रात्री त्यांनी जावयाला पहिल्यांदा एकेरीत हाक मारली.

जावई डोळे चोळत म्हणाला, “थोडासा धूर आहे, अण्णा, खिडकी उघडतो.”

“खिडकी राहू दे. दिसतो त्या धुराचं मला काही नाही. न दिसणाऱ्याचं बघ.”

चौघं ब्लँकेट गुंडाळून शेजारच्या गृहस्थांकडे गेली. तिथून ९११ ला फोन केला. अग्निशमन दलाची माणसं आली, हातात मीटर घेऊन घरभर फिरली. मीटरनं कार्बन मोनॉक्साइड दाखवला. या वायूला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाचं आधी डोकं दुखतं, मळमळतं, फ्लू झाल्यासारखं वाटतं, आणि झोपेत असेल तर तेवढंही कळत नाही. एका जवानानं विचारलं, डोकं दुखतंय का कुणाचं? कुणाचं दुखत नव्हतं. त्याचा दुसरा प्रश्न होता, अलार्म का वाजला नाही?

अलार्म स्वयंपाकघराच्या खणात होता. बॅटरी संपत आली म्हणून तो मधूनमधून चिवचिव करत होता. नवी बॅटरी आणायची म्हणून काढून ठेवला, आणि राहूनच गेलं.

तीन दिवसांनी कारागीर आला. स्टोव्ह पूर्ण गार झालेला, प्लग काढलेला. त्यानं बाहेरच्या नळीच्या वळणाखालचं झाकण काढलं आणि राखेचा लोंढा बर्फावर पडला. नळी निम्म्याहून जास्त भरलेली होती. भांड्याच्या भोकांवर राख वितळून दगड झालेली. “क्लिंकर,” अण्णा पुटपुटले. हा शब्द कारागिरालाही ओळखीचा निघाला. त्यानं चमकून अण्णांकडे पाहिलं आणि त्यानंतर प्रत्येक गोष्ट तो त्यांनाच दाखवत राहिला. दारात कागदाची पट्टी धरून त्यानं दार लावलं आणि पट्टी ओढली. अलगद निघून आली. म्हणजे दाराच्या कडेची गॅस्केटची दोरी झिजलेली, तिथून फुकट हवा आत जात होती आणि भोकांतून जायला हवी ती जात नव्हती. काच काळी व्हायचं निम्मं कारण ती दोरी, निम्मं ती भोकं. दोरी बदलली. नळी भिंतीबाहेरून उभी वर नेली, म्हणजे वीज गेली तरी गरम धूर थोडाफार आपल्या आपण वर ओढला जाईल. पंख्यासाठी बॅटरी बॅकअप बसवला. बेडरूमच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर नवे अलार्म लावले.

त्या संध्याकाळी जावई अण्णांपाशी येऊन बसला.

“अण्णा, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?”

“होय.”

“आणि राखेची पिशवी?”

“मीच हलवत होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कारखान्यातली एक गोष्ट सांगितली. बॉयलरला पाण्याची काच असते, आत पाणी किती आहे ते तिच्यावरून कळतं. पण काचेकडे जाणारी वाट गाळानं तुंबली तर काच खोटं बोलते. आत पाणी संपत आलेलं असतं आणि काच भरलेली दाखवते. पाणी सरलं आणि आग तशीच राहिली तर ट्यूबा लाल होतात, बॉयलर फुटू शकतो. म्हणून दर शिफ्टला काचेची चावी सोडून पाणी खाली काढायचं आणि पुन्हा चढतं का बघायचं. एका रात्री नवीन लागलेलं एक पोरगं, जेमतेम विशीतलं, अण्णांना येऊन म्हणालं, “साहेब, काचेतलं पाणी हलंना झालंय.” अण्णांनी तासाभरापूर्वीच काच बघितली होती. सगळ्या पाळीसमोर एवढंसं पोर त्यांची चूक काढत होतं. अण्णा उठले, चावी सोडली. पाणी पुन्हा चढलं नाही. त्यांनी भुसा तोडला, आग पाडली.

“त्या पोराला माझी भीती वाटत नव्हती असं नाही,” अण्णा म्हणाले. “पाय कापत होते त्याचे. तरी बोललं. अन् मी एवढा जुना माणूस, तुमचं मन दुखावंल म्हणून महिनाभर गप्प. तुम्ही बटणावर विसंबलात, मी नात्यावर.”

जावई म्हणाला, “यापुढे बोलत जा. रागावलो तर रागावलो.”

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी नातीची एक कोरी वही घेतली आणि बॉयलरवर ठेवायचे तसं लॉगबुक सुरू केलं. नात रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी गिरवत होती, म्हणून नोंदी तिनं करायच्या. रोज सकाळी स्टोव्ह बंद करायचा, तोही बटणानंच. प्लग उपटायचा नाही, कारण आतली आग विझेपर्यंत धुराचा पंखा चालायलाच हवा. पूर्ण गार झाला की भांडं खरवडून भोकं मोकळी करायची, प्रत्येक भोकातून उजेड दिसला पाहिजे. तो नातीनं बघायचा. राख लोखंडी बादलीत, वर घट्ट झाकण, बादली घरापासून लांब सिमेंटवर. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरला राखेजवळ फिरकू द्यायचं नाही. एक जिवंत ठिणगी आत गेली की पिशवीतली धूळ पेटते. आठवड्याला हॉपरच्या तळाचा भुगा काढायचा, नाहीतर स्क्रू अडतो. टनभर माल, म्हणजे पन्नास पिशव्या संपल्या की नळीचं झाकण उघडून बघायचं. आणि शेवटच्या रकान्यात रोज दोनच प्रश्न: काच कशी? ज्योत कशी?

पहिल्या पानावर नातीनं लिहिलं होतं, “काच भुरि. जोत छान नाचते.” अण्णांनी ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सुधारलं.

मार्च सरता सरता एकदा जावयानं घाईत दार उघडून चालू स्टोव्हमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा टाकायला घेतला. अण्णा खुर्चीतूनच म्हणाले, “जावईबापू, नाही. त्याला पेलेटशिवाय काही घालायचं नाही, आणि चालू असताना दार उघडायचं नाही.” जावयाच्या कपाळावर क्षणभर आठी आली. मग त्यानं दार लावलं आणि पुठ्ठा कचऱ्याच्या डब्यात टाकला. स्वयंपाकघरातून मुलगी हे बघत होती. वडील तिच्या नवऱ्याला ‘नाही’ म्हणताहेत आणि घर जागच्या जागी आहे, हे ती पहिल्यांदाच पाहत होती.

एप्रिलमध्ये अण्णा निघाले. जाण्याआधी दोघांनी मिळून हॉपर आणि स्क्रू पूर्ण रिकामा केला, कारण पावसाळी हवेत उरलेल्या कांड्या ओल धरून फुगतात आणि स्क्रूत सिमेंटसारख्या बसतात. कारखान्यात हंगाम संपल्यावर ट्यूबा घासतात तशा स्टोव्हच्या आतल्या नळ्या घासल्या. कारागिराची सप्टेंबरची तारीखही घेऊन ठेवली, थंडीच्या तोंडावर त्याला सवड नसते म्हणून.

ऑक्टोबरमध्ये जावयाचा फोन आला. अण्णांनी आधी काचेचं विचारलं, मग तब्येतीचं.

“अण्णा, एक सांगायचं होतं. शेजारचे आजोबा, ज्यांच्याकडे आपण त्या रात्री गेलो होतो. त्यांच्याकडे लाकडाची शेगडी आहे. काल सहज मागच्या दारी गेलो, तर राख पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून लाकडी डेकवर ठेवलेली.”

“मग?”

“ऐंशीच्या पुढचे आहेत, अण्णा. आयुष्यभर लाकूड जाळलेलं. त्यांचे आपल्यावर उपकार. मी दोन मिनिटं नुसता उभा राहिलो.”

“अन् मग?”

“बोललो. खोकं उचलून अंगणात फरशीवर ठेवलं आणि म्हटलं, हे असं ठेवू नका.”

“रागावले का?”

“तोंड जरा आंबट केलं. संध्याकाळी स्वतःच आले, झाकणाची बादली कुठून आणली ते विचारायला.”